दुरुस्तीयोग्यता निर्देशांकात लॅपटॉप नाही. निकामी ग्राफिक्स चिपचा भार ग्राहकावरच

नवी दिल्ली : केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा आराखडा सादर केला, तेव्हा त्याची चर्चा झाली ती मुख्यतः मोबाइल फोनच्या संदर्भात. एखादे उपकरण किती सहज दुरुस्त होऊ शकेल हे ग्राहकाला विकत घेण्यापूर्वीच कळावे, उत्पादकांनी ठरावीक निकषांवर स्वतःच गुण जाहीर करावेत आणि ते दुकानात, ई-वाणिज्य संकेतस्थळावर तसेच खोक्यावरील क्यूआर कोडद्वारे दिसावेत, अशी ही कल्पना आहे. पहिल्या टप्प्यासाठी स्मार्टफोन आणि टॅब्लेट सुचवण्यात आले. बॅटरी, पडदा, कॅमेरा, चार्जिंग पोर्ट, स्पीकर यांसारखे भाग प्राधान्याचे मानले गेले. लॅपटॉप मात्र पहिल्या टप्प्यात नाही.

मोबाइलची संख्या मोठी आणि तक्रारीही अधिक, त्यामुळे सुरुवात तेथून होणे स्वाभाविक म्हणता येईल. तरीही ही उणीव दुर्लक्ष करण्याजोगी नाही. मध्यमवर्गीय कुटुंबात विद्यार्थ्यासाठी घेतलेला लॅपटॉप हा बहुधा घरातील सर्वांत महाग इलेक्ट्रॉनिक उपकरणांपैकी एक असतो, आणि त्यातही स्वतंत्र ग्राफिक्स चिप असलेला लॅपटॉप घेणारा वर्ग म्हणजे अभियांत्रिकी व वास्तुरचनेचे विद्यार्थी, चित्रफितींचे संपादन करणारे, ॲनिमेशनची कामे घेणारे तरुण. हे यंत्र त्यांच्या हाती खेळणे म्हणून नव्हे, तर शिक्षणाचे वा पोटापाण्याचे साधन म्हणून असते. वॉरंटी सामान्यतः एक वर्षाची. ग्राफिक्स चिपचा बिघाड मात्र अनेकदा तिसऱ्या-चौथ्या वर्षी डोके वर काढतो; हप्ते नुकतेच फिटलेले असतात आणि यंत्र अजून पुष्कळ वर्षे चालेल असे गृहीत धरलेले असते.

या बिघाडाची लक्षणे ओळखीची आहेत. पडद्यावर रंगीत रेषा किंवा चौकटींची नक्षी उमटते, जड काम सुरू करताच यंत्र गोठते, ड्रायव्हर पुन्हा पुन्हा कोसळतो, आणि अखेरीस पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो. मात्र अशी रेघ दिसली म्हणजे ग्राफिक्स चिपच गेली, असे नव्हे. पडदा आणि मदरबोर्ड यांना जोडणारी बिजागरीतून जाणारी केबल झिजल्यानेही हुबेहूब असेच दिसते, आणि तिचा खर्च त्या मानाने नगण्य असतो. दोहोंतला फरक घरच्या घरी तपासता येतो. लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडल्यावर त्यावरही रेषा दिसल्या तर दोष चित्र तयार करणाऱ्या भागात आहे. बाहेरचे चित्र स्वच्छ असेल तर संशय केबलवर किंवा पडद्यावर जातो. झाकण उघडता-मिटताना रेषा बदलत असतील तर केबलचा संशय अधिक पक्का. स्क्रीनशॉट घेऊन तो दुसऱ्या यंत्रावर पाहणे ही आणखी एक सोपी कसोटी. विंडोज सुरू होण्याआधीच्या बायोसच्या पडद्यावरही नक्षी उमटत असेल, तर ड्रायव्हर पुन्हा घालण्यात वेळ दवडण्यात अर्थ नसतो. या साध्या चाचण्या न करताच मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला मिळाल्याच्या तक्रारी सर्रास ऐकू येतात.

डाखाचा सूक्ष्म टाका

बिघाडाचे मूळ समजून घेतल्याशिवाय त्यावरील उपायांचे मूल्यमापन होऊ शकत नाही. ग्राफिक्स चिप ही एकसंध वस्तू नसते. सिलिकॉनचा पातळ तुकडा डाखाच्या, म्हणजे सोल्डरच्या, अतिसूक्ष्म ठिपक्यांनी एका छोट्या फलकावर बसवलेला असतो. आणि तो फलक पुन्हा डाखाच्या मोठ्या गोळ्यांनी मदरबोर्डवर जोडलेला असतो. काम वाढले की चिप ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, यंत्र बंद केले की खोलीच्या तापमानाला येते. एका अंशाने तापमान वाढले की सिलिकॉन दर दहा लाख भागांमागे सुमारे ३ भागांनी प्रसरण पावते. खालचा सेंद्रिय फलक साधारण त्याच्या पाचपट. दोन्ही पदार्थ एकमेकांना जखडलेले असल्याने प्रत्येक तापण्या-निवण्यात मधल्या डाखावर ताण येतो. तार वाकवत राहिली की जशी एके दिवशी तुटते, तसाच हा टाका हजारो आवर्तनांनंतर तडकतो. ताण वाटून घेण्यासाठी चिप आणि फलक यांच्यामध्ये अंडरफिल नावाचा राळेसारखा पदार्थ भरलेला असतो. तोच चुकीच्या गुणधर्मांचा निवडला गेला तर सारे गणित बिघडते.

युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावर निर्बंध आणले आणि जगभरच्या उत्पादनात शिसेविरहित डाख रूढ झाला. कथील आणि शिसे यांचा जुना मिश्रधातू १८३ अंशांना वितळत असे. त्याच्या जागी आलेला कथील-चांदी-तांबे यांचा मिश्रधातू सुमारे २१७ अंशांना वितळतो आणि तुलनेने ताठर असतो. शिसे हटवणे आरोग्य व पर्यावरण यांच्या दृष्टीने योग्यच होते. भारताच्या ई-कचरा नियमांतही वजनाच्या ०.१ टक्का एवढीच मर्यादा आहे. परंतु स्थित्यंतराच्या त्या वर्षांत उद्योगाला नव्या पदार्थांचा अनुभव नव्हता, आणि त्याच सुमारास लॅपटॉप अधिक पातळ व ग्राफिक्स चिप अधिक तापट होत होत्या.

त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण एनव्हिडियाचे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेवर जगातील सर्वांत मूल्यवान कंपन्यांत गणल्या जाणाऱ्या या कंपनीने २ जुलै २००८ रोजी अमेरिकी रोखे नियामकाकडे केलेल्या निवेदनात, लॅपटॉपसाठीच्या काही चिपमध्ये सदोष पदार्थांच्या संयोगामुळे अपेक्षेपेक्षा अधिक बिघाड होत असल्याचे मान्य केले आणि दुरुस्ती व वॉरंटीच्या खर्चापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी कंपनीचा शेअर सुमारे ३० टक्क्यांनी कोसळला. ग्राहकांच्या तक्रारी त्याआधीपासून होत्या. कबुली आली ती मात्र गुंतवणूकदारांना माहिती देण्याच्या बंधनातून, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. लॅपटॉप विकणाऱ्या कंपन्यांनी पंखा अधिक काळ फिरवणारे बायोसचे बदल दिले. टाका तुटण्याची वेळ त्याने पुढे ढकलली जाई, दोष जात नसे. ॲपलने ऑक्टोबर २००८ मध्ये आपल्या काही मॅकबुक प्रो यंत्रांतील चिपही बाधित असल्याचे मान्य करून मोफत दुरुस्ती देऊ केली. सामूहिक दाव्यात २०१० मध्ये तडजोड झाली, पण तिचा लाभ अमेरिकेतील खरेदीदारांपुरताच होता. तीच चिप असलेली यंत्रे भारतातही विकली गेली होती.

गेमिंग यंत्रांच्या क्षेत्रात मायक्रोसॉफ्टने जुलै २००७ मध्ये एक्सबॉक्स ३६० च्या बिघाडांसाठी एक अब्ज डॉलरहून अधिक तरतूद केली व वॉरंटी तीन वर्षांवर नेली. तुटत होते ते जोड मदरबोर्डवरचे नव्हे, तर चिपच्या आतले, असे त्या यंत्राच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये कंपनीच्याच माहितीपटात सांगितले. हा तपशील पुढे दुरुस्तीच्या बाजाराचा विचार करताना महत्त्वाचा ठरतो.

२०११ च्या मॅकबुक प्रोचे प्रकरण आणखी बोलके आहे. १५ आणि १७ इंची यंत्रांतील एएमडीच्या ग्राफिक्स चिप बंद पडू लागल्या, ग्राहकांनी मदरबोर्ड बदलून घेतले, बदललेले बोर्डही पुन्हा बंद पडले. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये कंपनीने विस्तारित दुरुस्ती योजना जाहीर केली. ती प्रथम अमेरिका व कॅनडात आणि आठवडाभराने इतर देशांत लागू झाली. ज्यांनी आधी पैसे भरून दुरुस्ती केली होती त्यांना परताव्याची तरतूदही होती. योजना चांगली होती, पण पहिली यंत्रे विकली गेल्यावर चार वर्षांनी आली. तोवर कित्येकांनी ती यंत्रे मोडीत काढली असणार. भारतातील ग्राहकाला अशा योजनेचा लाभ मिळाला तोही परदेशातील न्यायालयीन दबावाचा उपफल म्हणून. येथील कोणत्याही यंत्रणेने तो मिळवून दिला नव्हता.

बाजारातील उपाय

अधिकृत सेवा केंद्राकडे ग्राफिक्स चिपच्या बिघाडावर सहसा एकच उत्तर असते : पूर्ण मदरबोर्ड बदलणे. चिप बोर्डावर कायमची बसवलेली असल्याने, आणि अनेक यंत्रांत प्रोसेसर व मेमरीही त्याच बोर्डावर असल्याने, एका टाक्यासाठी जवळजवळ अर्धा संगणक बदलावा लागतो. सांगितली जाणारी रक्कम पाहून ग्राहक नव्या यंत्राचाच विचार करू लागतो. जुन्या प्रारूपाचा बोर्ड उपलब्धच नाही, असे उत्तर मिळणेही नवे नाही.

मग पावले वळतात दिल्लीच्या नेहरू प्लेसकडे, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडकडे, चेन्नईच्या रिची स्ट्रीटकडे किंवा बंगळुरूच्या एसपी रोडकडे. या बाजारांतील कौशल्य कमी लेखण्याजोगे नाही. सूक्ष्मदर्शकाखाली, गरम हवेच्या यंत्रावर, शेकडो डाखाच्या गोळ्या साच्यातून बसवून चिप पुन्हा जोडण्याचे काम येथे छोट्या गाळ्यांत रोज चालते. हे शिक्षण कोणत्याही संस्थेत मिळालेले नसते. कंपन्या बोर्डाचे आराखडे जाहीर करत नाहीत, त्यामुळे फुटलेल्या प्रतींवर आणि अनुभवावर काम चालते.

मात्र या बाजारात एकाच नावाखाली तीन वेगळी कामे विकली जातात, आणि ग्राहकाची फसगत होते ती येथे. पहिले, चिप जागेवरच हीट गनने तापवणे. दुसरे, चिप काढून तिच्याखालच्या गोळ्या नव्याने बसवणे, ज्याला रिबॉलिंग म्हणतात. तिसरे, चिपच बदलणे. दोष चिपच्या आतील सूक्ष्म टाक्यांत असेल तर पहिल्या दोन उपायांनी तो मुळातून जात नाही. उष्णतेने तडकलेले जोड तात्पुरते एकमेकांना टेकतात, पडदा उजळतो, ग्राहक समाधानाने पैसे देऊन जातो आणि काही दिवसांत वा आठवड्यांत तोच काळा पडदा पुन्हा समोर येतो. घरच्या ओव्हनमध्ये बोर्ड भाजण्याचा जो प्रकार एके काळी इंटरनेटवर फार लोकप्रिय झाला होता, तो यशस्वी वाटत असे त्याचे कारणही हेच; त्यात बॅटरीच्या जोडण्या व प्लास्टिकचे भाग वितळण्याचा आणि विषारी धुराचा धोका वेगळा. रिबॉलिंग खरोखर उपयोगी पडते ते चिप आणि मदरबोर्ड यांच्यातील जोड तुटला असेल तेव्हा, उदाहरणार्थ लॅपटॉप पडल्यानंतर.

चिप बदलण्याचा मार्ग योग्य असला तरी नवी चिप कोठून आली हा प्रश्न उरतो. जुन्या बोर्डांवरून काढून स्वच्छ केलेल्या चिप नव्या म्हणून विकल्या जाण्याची शक्यता नेहमीच असते. जाणकार कारागीर चिपवर छापलेला उत्पादनाचा वर्ष-आठवड्याचा सांकेतिक क्रमांक पाहून ती दोष दुरुस्त झाल्यानंतरच्या खेपेतील आहे का, हे तपासतात. कंपन्या सुटे भाग खुल्या बाजारात देत नाहीत म्हणून हा संशयाचा व्यवहार वाढतो. स्वतंत्र कारागिरांवर दर्जाचा ठपका ठेवणाऱ्या कंपन्या या भागाविषयी बोलत नाहीत.

बिघाड झालेले यंत्र अगदीच टाकाऊ होते असे नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स चिपखेरीज प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्सही असते. अंतर्गत पडदा या अंगभूत भागाला जोडलेला असेल, तर स्वतंत्र चिप डिव्हाइस मॅनेजरमधून किंवा बायोसमधून बंद करून लिखाण, इंटरनेट, हिशेब अशी कामे वर्षानुवर्षे चालू शकतात. २०११ च्या मॅकबुकचे मालक यंत्राच्या फर्मवेअरमधील एक नोंद बदलून हेच करत. पडदा थेट स्वतंत्र चिपला जोडलेल्या काही गेमिंग लॅपटॉपमध्ये हा मार्ग बंद असतो, आणि बाहेरच्या मॉनिटरचे पोर्ट त्या चिपला जोडलेले असल्यास तेही निकामी होते. विद्यार्थ्याचे काम यामुळे भागू शकते, त्रिमितीय आराखडे किंवा चित्रफितींवर काम करणाऱ्याचे नाही. कोणताही प्रयोग करण्यापूर्वी माहितीची प्रत काढून ठेवणे अत्यावश्यक. साठवणूक वेगळ्या एम.२ पट्टीवर असेल तर ती काढून दुसऱ्या यंत्रात वाचता येते. तीही बोर्डावरच जडवलेली असेल तर बोर्डाबरोबर प्रबंध, छायाचित्रे, कामाच्या फाइली सारेच अडकते.

आयुष्य वाढवण्याचे उपाय साधे आहेत. धूळ साफ करणे, काही वर्षांनी थर्मल पेस्ट बदलून घेणे, गादीवर वा मांडीवर ठेवून हवेची वाट न अडवणे. विदर्भात किंवा राजस्थानात उन्हाळ्यात खोलीचेच तापमान चाळिशीच्या आसपास असते, तेथे या गोष्टींचे महत्त्व अधिक. मात्र निर्मितीतील दोष पंखा साफ केल्याने बरा होत नाही. कंपन्यांची सेवा केंद्रे कधी कधी सारा दोष ग्राहकाच्या वापरावर ढकलतात, तेव्हा हे स्पष्ट असणे बरे.

कायद्यातील पोकळी

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. निर्मितीतील दोष किंवा आराखड्यातील दोष यांसाठी उत्पादकाला थेट जबाबदार धरण्याची त्यात तरतूद आहे, आणि ती पुरोगामी म्हणून वाखाणलीही गेली. परंतु या प्रकरणासाठी हानीची जी व्याख्या केली आहे, तिच्यातून खुद्द उत्पादनाचीच झालेली हानी वगळली आहे. बॅटरीचा स्फोट होऊन हात भाजला तर हे प्रकरण उपयोगी. लॅपटॉप नुसताच मेला तर नाही. मग ग्राहकाला सदोष वस्तूविषयीच्या सर्वसाधारण तक्रारीकडे वळावे लागते.

ती वाट खुली आहे, पण चढणीची. कायद्यातील दोषाची व्याख्या वॉरंटीच्या मुदतीला बांधलेली नाही. गुणवत्तेतील उणीव दाखवता आली तर वॉरंटी संपल्यावरही तक्रारीला जागा आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते, सबळ कारण असल्यास आयोग विलंब माफ करू शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात शुल्क नाही, आणि तक्रार ई-जागृती संकेतस्थळावरून करता येते. स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या यंत्राचा मालकही ग्राहक ठरतो, ही बाब ॲनिमेशन किंवा छायाचित्रणाची कामे करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी. खरी अडचण पुराव्याची. आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवू शकतो. पण बिघाड वापरामुळे की निर्मितीमुळे, हे एका बंद पडलेल्या चिपवरून सिद्ध करणे फार कठीण. शेकडो यंत्रांत तोच टाका तुटतो आहे, हे दिसले की मगच दोषाचा आकार समोर येतो, आणि ती आकडेवारी असते केवळ कंपनीकडे.

एकाच हिताचे अनेक ग्राहक मिळून तक्रार करू शकतात; केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ग्राहकवर्गाच्या वतीने चौकशीचे अधिकार आहेत. प्राधिकरणाने मानकांचे उल्लंघन करणारे प्रेशर कुकर परत घेऊन ग्राहकांना पैसे देण्याचे आदेश २०२२ मध्ये ई-वाणिज्य कंपन्यांना दिले होते. तेथे मोजपट्टी होती, ती म्हणजे बंधनकारक भारतीय मानक. लॅपटॉपची ग्राफिक्स चिप किती वर्षे टिकावी, याची मोजपट्टी नाही.

सुट्या भागांच्या बाबतीत एक दाखला मोटार उद्योगाचा आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग व तांत्रिक माहिती खुल्या बाजारात न दिल्याबद्दल मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिले झाली, तरी त्या आदेशामागचा विचार संगणकांना तंतोतंत लागू पडतो : यंत्र विकत घेतल्यानंतर ग्राहक त्या कंपनीच्या भागांशी बांधला जातो, आणि त्या क्षणी स्पर्धा संपते.

परदेशातही चित्र पूर्ण समाधानकारक नाही. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लागू केलेल्या दुरुस्ती निर्देशांकात लॅपटॉपचा पहिल्याच यादीत समावेश होता. दहापैकी गुण देताना सुट्या भागांची उपलब्धता आणि नव्या वस्तूच्या तुलनेत त्यांची किंमत, दोन्ही मोजले जातात. भारतीय समितीपुढे हा नमुना होता, हे पाहता लॅपटॉप वगळणे अधिकच खटकते. युरोपीय संघाचा २०२४ चा दुरुस्तीविषयक निर्देश सदस्य राष्ट्रांनी ३१ जुलै २०२६ पासून लागू करायचा आहे. वॉरंटीनंतरही दुरुस्तीचे बंधन घालणाऱ्या त्याच्या यादीत धुलाई यंत्रे, फोन, टॅब्लेट आहेत. लॅपटॉप तेथेही नाही. युरोपात मात्र दोन वर्षांची किमान वैधानिक हमी सर्वच वस्तूंना आहे, आणि त्या काळात ग्राहकाने बदलीऐवजी दुरुस्ती निवडली तर ती आणखी एक वर्षाने वाढणार आहे. भारतात अशी किमान मुदत कायद्याने ठरलेली नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, मिनेसोटा, ओरेगॉन आदी राज्यांनी आपापले कायदे केले; कॅलिफोर्नियात १०० डॉलर वा त्याहून महाग उपकरणांचे भाग, साधने व माहितीपत्रके सात वर्षे उपलब्ध ठेवणे जुलै २०२४ पासून बंधनकारक आहे.

केंद्र सरकारच्या धोरणांत या प्रश्नावर एकवाक्यता दिसत नाही. दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाले. त्यावर कंपन्यांची सेवा केंद्रे व वॉरंटीची माहिती एकत्र मिळते, पण माहिती देणे कंपन्यांच्या इच्छेवर आहे. इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने २०२३ मध्ये बंगळुरूत परदेशी उपकरणे भारतात आणून दुरुस्त करण्याचा पथदर्शी प्रकल्प राबवला, भारताला जगाचे दुरुस्ती केंद्र बनवण्याच्या घोषणेसह. जगाचे संगणक येथे दुरुस्त व्हावेत ही आकांक्षा योग्यच. पण येथल्या ग्राहकाला स्वतःच्या बोर्डाचा आराखडा मिळत नाही, ही विसंगती त्या घोषणेत बसत नाही. लॅपटॉप व सर्व्हर यांच्या देशांतर्गत उत्पादनासाठी मे २०२३ मध्ये १७ हजार कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. सुटे भाग ठरावीक वर्षे उपलब्ध ठेवण्याची अट अशा सवलतींना जोडणे सरकारच्या हाती होते. एप्रिल २०२३ पासून लागू असलेले ई-कचरा नियम उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची उद्दिष्टे घालतात, २०२७-२८ पासून ती ८० टक्क्यांवर जातील, आणि नूतनीकरणाला काही प्रोत्साहनही देतात. तरी नियमांचा भर यंत्र मेल्यानंतरच्या व्यवस्थेवर आहे.

दरम्यान जुन्या यंत्रांचा ओघ वाढतो आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अकरावी आवृत्ती न पेलणारे कार्यालयीन लॅपटॉप मोठ्या संख्येने जुन्या बाजारात येत आहेत. दुसरीकडे २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढले, कारण उत्पादन क्षमता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांकडे वळली. नवे यंत्र महाग होते तेव्हा जुन्याच्या दुरुस्तीला आपोआप मोल येते.

रचनेतून उत्तर शोधण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. एके काळी काही लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड एमएक्सएम नावाच्या खाचेत बसवलेले असे व बदलता येई. पातळपणाच्या स्पर्धेत ती खाच नाहीशी झाली. अमेरिकेतील फ्रेमवर्क या कंपनीने २०२४ पासून विकायला घेतलेल्या १६ इंची लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचा भाग मागच्या बाजूने काढता-घालता येतो, आणि २०२५ मध्ये त्याच यंत्रासाठी नव्या पिढीचा भाग जाहीर झाला. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या हे अशक्य नाही. मोठ्या कंपन्यांना त्यात स्वारस्य नाही. उलट प्रवाह दुसऱ्या दिशेचा आहे. ॲपलने २०२० च्या नोव्हेंबरपासून प्रोसेसर व ग्राफिक्स एकाच चिपमध्ये आणि मेमरी त्याच पुडक्यात आणली. इतर कंपन्यांची काही प्रारूपेही त्याच वाटेने जात आहेत. या रचनेत वीज कमी लागते, उष्णता कमी होते, त्यामुळे बिघाडाचे प्रमाणही घटू शकते. पण बिघाड झालाच तर स्वतंत्र चिप बंद करून काम चालवण्याची सोय संपते.

त्यामुळे दुसऱ्या टप्प्यात लॅपटॉप आले तरी गुण कशाला दिले जातात, यावर बरेच अवलंबून राहील. मोबाइलसाठी केलेली भागांची यादी तशीच उचलली, तर बॅटरी व पडदा सहज निघणाऱ्या लॅपटॉपला भरघोस गुण मिळतील आणि त्याचा मदरबोर्ड तीन वर्षांनी बाजारात नसला तरी त्या गुणांवर परिणाम होणार नाही. मदरबोर्डची किंमत नव्या यंत्राच्या किती टक्के, तो किती वर्षे मिळेल, साठवणूक बोर्डापासून वेगळी आहे का आणि बोर्डाचा आराखडा स्वतंत्र कारागिराला मिळतो का, हे चार तपशील उत्पादकांकडे आजही आहेत.